काबुकीतली स्त्री आणि शाणूकाका

माघातल्या दुपारी काजूच्या मोहराचा उग्र-गोड दरवळ जनेलातून आत येई आणि त्या पिवळ्या उजेडात शाणूकाका चहाचा कोप उचलत. सत्तरीतही त्यांची करंगळी अशी अलगद वळे, की हातात नसलेली काकणं किणकिणल्याचा भास व्हावा. तीस वर्षं त्यांनी पेडण्यातल्या जत्रांमधून दशावतारी नाटकांत स्त्रीभूमिका केल्या. कधी राणी, कधी दासी, कधी शापित पतिव्रता. लुगडं नेसवायला, अंबाड्यावर वेणी माळायला त्यांची बायको, शेवंतीकाकी असायची. दहा वर्षांपूर्वी ती गेली आणि नाटक मंडळीची बोलावणी येत असतानाही काकांनी तोंडाला रंग लावणं सोडलं. का, ते कोणाला सांगितलं नाही.

मी त्यांची शेजारीण, पार्से गावच्या शाळेत चित्रकला शिकवणारी. एकदा त्यांच्याकडे एक पुस्तक घेऊन गेले: लाकडी ठशांवरून छापलेली, काबुकी नाटकांतल्या प्रसंगांची जपानी चित्रं. एका पानावर बर्फात एक स्त्री पाठमोरी उभी होती. छत्री कललेली, मान किंचित मागे वळलेली, बोटं बाहीत दडलेली. काकांनी पुस्तक उजेडाकडे धरलं.

"बाय, ह्यो दादलो आसा."

तो खरोखरच स्त्रीवेषातला पुरुष नट होता. "कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"हात लिपयल्यात न्हय? आमचेय हात व्हडच." पुरुषाचे मोठे हात बाहीत लपवायची युक्ती त्यांच्या सवयीची होती.

मग त्या चित्रातल्या कमरपट्ट्याच्या भल्यामोठ्या गाठीवर त्यांचं बोट थांबलं. "पाठीवयली ही गाठ आपल्या हातान मारूंक येना. हेका कोण बांदून दिताली?"

लुगडं नेसवणारी शेवंतीकाकी मला आठवली. मोप्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान घरावरून घोंघावत गेलं आणि त्याच्यामागे दुपार अधिकच रिकामी झाली. रंग सोडल्याचं दहा वर्षं मनात ठेवलेलं कारण काका बोलून गेले होते, आणि मला ते कळल्याचं दाखवायचं नव्हतं.

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. आठवड्याने मी गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. मेजाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीत, पुस्तक त्याच पानावर उघडून उभं केलेलं. मी पाहतेय हे लक्षात येताच ते ओशाळले.

"जेवताना समोर कोण तरी आसूंक जाय, बाय."

मी पुस्तक परत मागितलं नाही. काळ माणसाला नेतो, त्याची जागा मात्र नेत नाही. ती मागे राहिलेल्याच्या समोर रोज येऊन बसते, आणि तिच्याशी बोलायचं कसं, हे शिकण्यातच उरलेलं आयुष्य सरतं.