सेवेरोचा शेवटचा आसादो

मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये माणसं फुटबॉलवरून भांडतात, अमेरिकेत जाणाऱ्या पुलावरच्या रांगेत घुसण्यावरून भांडतात, पण कायमचा अबोला धरायचा तर तो बुरितोवरूनच. एका गोष्टीवर मात्र अख्ख्या गावाचं एकमत आहे: बुरितोत भात घालत नाहीत. भात घालतात ते नदीपलीकडचे, आणि त्यांना कुणी शिकवलंच नाही, तर ते बिचारे तरी काय करणार! मैद्याची पातळ पोळी, म्हणजे तोर्तिया, आत एकच कालवण, चार घासांत संपणारी गुंडाळी. झाला बुरितो.

चावेन्या वस्तीतलं भांडण याच्या पुढच्या पायरीवरचं होतं. कालवणाखाली घोटलेल्या घेवड्याचा हात फिरवायचा की नाही? घरासमोर बुरितो विकणारी एर्मेलिंदा ओलिवास फिरवायची. समोरच्या कोपऱ्यावर गाडा लावणारा सेवेरो बारासा फिरवायचा नाही, आणि न फिरवता गप्प बसला तर तो सेवेरो कसला. "मांसाला हात आखडला की घेवडा आठवतो," असं तो कारखान्याच्या बसची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवायचा, रस्त्याच्या या काठाला नीट ऐकू येईल अशा बेताने. एर्मेलिंदा तवा पुसता पुसता म्हणायची, "ज्याचा बुरितो उघडानागडा, त्याने दुसऱ्याच्या कपड्यांवर बोलू नये."

वर हा सेवेरो तिच्या मुलाचा, रामिरोचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोराला हातावर घेतलेला माणूस म्हणजे घरचाच झाला, आणि त्याची बायको चायो ही तिची कोमाद्रे, पोराच्या नात्याने जोडलेली बहीणच. लहानपणी रामिरो निम्मा वेळ समोरच्या गाड्यावर असायचा आणि खाऊन उरलेला तुकडा मुठीत धरून घरी यायचा. तो तुकडा एर्मेलिंदा टाकून द्यायची नाही. दार लोटून खायची, आणि खाऊन झाल्यावर तोंड वाकडं करायची. पण सेवेरोशी थेट बोलायची नाही. तोही बोलायचा नाही.

ऑगस्टच्या उन्हात गाडा आवरता आवरता सेवेरो कोसळला. सगळे त्याच्याकडे धावले. एर्मेलिंदाही धावली, पण त्याच्या तव्यावर एक तोर्तिया जळत होती, म्हणून तिने आधी त्याचा गॅस बंद केला. माणूस तोवर गेलेला होता.

त्याच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची जपमाळ सुरू झाली. ती संपत आली तशी चायो एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"शेवटच्या दिवशी लोकांना जेवू घालायला हवं, कोमाद्रे. आसादोचे बुरितो. तू करशील?"

"मी?"

"मग काय पलीकडून भातवाले मागवू? त्याने मला उभ्या जन्मात कढईला हात लावू दिला नाही. मला येतं कुठे?"

एर्मेलिंदाने जरा घसा साफ केला. "घेवडा लावून, की..."

"तुला पटेल तसं कर," चायो म्हणाली आणि उठून गेली.

त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. घेवडा लावला तर लोक म्हणणार, मेलेल्या माणसावर डाव साधला. नाही लावला तर म्हणणार, शेवटी नाक घासलंच की! या गावात बाईचं नाव तिच्या बुरितोवर असतं, आणि एर्मेलिंदाकडे नावाशिवाय होतं काय? नवरा कधीच पूल ओलांडून गेला तो परतला नव्हता.

"अर्धे असे करा, अर्धे तसे," तिची सून यादिरा म्हणाली.

"ती निवडणूक झाली, स्वयंपाक नव्हे."

"मग देवावर सोडा, सासूबाई."

"देवाला आसादोतलं काय कळतं?"

शेवटच्या दिवशी सकाळी तिने आसादोसाठी लाल मिरच्या भिजत घातल्या, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे केले आणि घेवड्याच्या भांड्यावर झाकण ठेवून ते बाजूला सारलं. त्याच्या घरी त्याचंच चालायला हवं, एवढा साधा विचार तिने केला आणि कढई चढवली.

पण नुसता घेवडा वगळून सेवेरोचा बुरितो होत नाही. रस्सा सुटा राहिला तर तोर्तिया भिजते, तळाशी फाटते आणि कोपरापर्यंत ओघळ येतो. घेवडा तो रस्सा पिऊन घेतो. तो नसेल तर मिरचीचा रस चुलीवरच आटवावा लागतो, मंद आचेवर, लसूण आणि तमालपत्राचा वास भिंतींत मुरेपर्यंत, आणि कढईपाशी उभं राहून. बसलं की बुडाला लागतं.

एर्मेलिंदा उभी राहिली. पाय भरून आले, तरी रस्सा पातळच. हा माणूस रोज हे करायचा, म्हणजे उठायचा तरी केव्हा?

घेवडा तिने हौसेने धरला नव्हता. नवरा गेला तेव्हा रामिरो कडेवर होता, आणि इतका वेळ कढईपाशी उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. मग घेवडा कामाला आला, गिऱ्हाइकांना आवडला आणि तिचा होऊन गेला. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. पण आसादो आटवणाऱ्या माणसाला ती सांगायची गरज नसते. सेवेरोला पहिल्या दिवसापासून कळलं असणार. तरी तो मांसावरूनच टोमणे मारत राहिला, आणि मांसाचा टोमणा खोटा होता हे बुरितो उघडून पाहणाऱ्या कुणालाही दिसत होतं. खरा टोमणा, कढईपाशी उभं न राहण्याचा, त्याने कधीच मारला नाही. हे लक्षात आलं तेव्हा एर्मेलिंदाला त्याचा राग आला, आणि त्या रागातच तिचे डोळे भरून आले. मिरचीमुळे आले, असं तिने यादिराला सांगितलं.

संध्याकाळी जप संपला आणि चायोच्या अंगणात टोपल्या उघडल्या. लोकांनी आधी बुरितो दाबून पाहिला, मग एर्मेलिंदाकडे, मग पुन्हा बुरितोकडे. पहिला घास पोटात गेल्यावर मात्र सगळ्यांनी लगेच दुसरा घेतला. टायरची पंक्चरं काढणारा क्रिसांतो सेवेरोचं जुनं गिऱ्हाईक. तो खुर्चीत ताठ बसला.

"चायो," तो म्हणाला, "हा सेवेरोचा आसादो आहे."

चायोने टोपलीवरचा कपडा सारखा केला.

"मला फसवू नका. मी हा रोज खाल्लाय. फ्रीझरमध्ये ठेवून गेला होता ना तो? सांग की!"

अंगणभर कुजबुज पसरली. सेवेरोने ठेवलेला! त्याच्या हातचा! चायो एर्मेलिंदाकडे बघू लागली, आणि मग सगळेच बघू लागले.

एर्मेलिंदाच्या जिभेवर शब्द आला होता. मी केलाय. एवढं म्हटलं असतं की इतक्या वर्षांचं भांडण जिंकलं: त्याचं त्याच्यासारखं करून दाखवलं, वर स्वतःचं वेगळं. गाव उद्या बसथांब्यावर हेच बोललं असतं.

"हो," ती म्हणाली. "फ्रीझरमध्ये होता. मी नुसता गरम केला. तोर्तिया तेवढ्या माझ्या."

मग लोक हळू खाऊ लागले. एका म्हाताऱ्याने अर्धा कागदात गुंडाळून बायकोसाठी खिशात ठेवला. क्रिसांतोने डोळे पुसले आणि जाता जाता एर्मेलिंदाचा हात हातात घेतला. "राग मानू नका, लिंदाबाई. तुमचा चांगलाच असतो. पण याची सर नाही."

"नाही," एर्मेलिंदा म्हणाली. "याची सर नाही." दातांखाली खडा आल्यासारखं तिने ते वाक्य उच्चारलं.

अंगण रिकामं झालं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. टोपलीत एक बुरितो उरला होता. तो चायोने सावकाश, शेवटपर्यंत खाल्ला.

"खोटं कशाला बोललीस? फ्रीझरमध्ये बर्फाशिवाय काही नव्हतं."

"मग काय करायचं होतं? त्याच्या घरात, त्याच्या जपाच्या दिवशी छाती काढून सांगायचं होतं, बघा, मलाही येतो म्हणून?"

चायोने मान हलवली. बोटं चाटली. थोडा विचार केला.

"मीठ मात्र कमी पडलं. तो इतकं कमी नाही घालायचा."

"कमी?" एर्मेलिंदा ताडकन उठली. "मीठ बरोब्बर आहे! खारट तो करायचा! जन्मभर खारट करत आला, आणि या वस्तीत एकाला त्याच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही! मीच सांगायला हवं होतं. एकदा तरी समोर उभं राहून मी..."

दोन्ही हात टेबलावर टेकून ती रडू लागली, इतके दिवस अंगणात कुणी रडलं नव्हतं अशी. चायोने तिला रडू दिलं. मग दोन पेले कॉफी ओतली.

"त्याला पटलं नसतं," चायो म्हणाली.

"नसतंच पटलं," एर्मेलिंदा म्हणाली.