धुतलेला स्वेटर

चावीवाल्याने स्वेटर दुसऱ्यांदा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि पायाने तुडवायला सुरुवात केली. मळ पहिल्याच पाण्यात निघाला होता. पण त्याला मळ काढायचा नव्हताच, माणूस काढायचा होता.

न्हाणीघराच्या दारात कुत्रा बसला होता. तपकिरी, एका कानाने मुडपलेला, तोंडाभोवती पिकलेला. भुंकत नव्हता, नुसता बघत होता.

"बघतोस काय? माझ्या घरात राहायचं तर स्वच्छ राहायचं," चावीवाला म्हणाला आणि त्याने स्वेटर असा पिळला, की शिवणी करकरल्या.

हा स्वेटर कुत्र्याबरोबर प्राण्यांच्या निवाऱ्यातूनच आला होता. तिथल्या बाईने कुत्र्याची दोरी हातात दिली आणि वर ही पिशवी. याचा मालक टॅक्सी चालवायचा, एकटा जीव होता, गेला बिचारा. हा स्वेटर त्याचा. "एवढ्यात धुवू नका हं," बाई म्हणाली होती. "वासाचा आधार आहे त्याला. आणि नाव साहेब आहे."

"कुत्र्याला साहेब म्हणायचं?" चावीवाल्याने विचारलं होतं.

लेकीचं लग्न झाल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून बायकोनेच कुत्र्याचं काढलं होतं. निवडलं मात्र त्याने. निवाऱ्यातले बाकीचे सगळे जाळीवर उड्या मारत होते, हात चाटायला बघत होते. हा एकटा पाठ करून फाटकाकडे तोंड करून बसला होता. चावीवाला म्हणाला, "हाच." दुसरीकडे डोळे लागलेलं कुणी दिसलं, की हा गृहस्थ तिथेच जाऊन जीव लावणार. आयुष्यात हे दुसऱ्यांदा होत होतं.

पहिल्यांदा झालं ते लग्न. बायकोचं दुसरं, त्याचं पहिलंच. तिचा आधीचा नवरा अचानक गेलेला, पदरात लहान मुलगी. मुलीला चावीवाल्याने खांद्यावर खेळवलं, शाळेत सोडलं, तिच्या लग्नात गाढवासारखा राबला आणि कोपऱ्यात जाऊन रडलाही. ती त्याला 'काका' म्हणायची. अजूनही म्हणते. 'बाबा' हा शब्द त्या घरात आधीच कुणाला तरी देऊन झाला होता.

तेही तो गिळून बसला असता. पण सुरुवातीच्या दिवसांत एक गोष्ट व्हायची. संध्याकाळी तो दुकान बंद करून यायचा, बेल वाजवायचा. आतून लगबगीने पावलं यायची, दार उघडायचं आणि बायकोचा चेहरा पडायचा. क्षणभरच. मग ती हसायची, पाणी आणायची, दिवस कसा गेला म्हणून विचारायची. बाई गुणाची होती, बोट ठेवायला जागा नव्हती. पण चावीवाल्याने दुनियेची दारं उघडून दिली होती. दार कुणासाठी उघडलंय, हे त्याला न सांगता कळायचं.

आणि आता तेच हा कुत्रा करत होता. रस्त्यावरचे दिवे लागले, की उठायचा आणि दाराशी जाऊन बसायचा. जिन्यात पावलं वाजली, की शेपूट हलायला लागायचं. दार उघडून चावीवाला आत आला, की ते थांबायचं. मग स्वेटर तोंडात धरून साहेब कोपऱ्यात जाणार. खाऊ घालायचं याने, फिरवायचं याने, गोचिड्या काढायच्या याने. त्याने 'मोती' हे नाव लावून पाहिलं. कुत्र्याने मानसुद्धा वळवली नाही.

आज दुकान लवकर बंद करून तो घरी आला, तो थेट बादलीकडेच गेला होता.

बायको बालवाडीत शिकवून घरी आली तेव्हा खिडकीतल्या दोरीवरून पाणी ठिबकत होतं आणि खाली कुत्रा मान वर करून उभा होता. तिने स्वेटर काढून त्याच्यापुढे धरला. त्याने हुंगला. बाह्या हुंगल्या, गळा हुंगला, नाकाने उलटा करून आतून हुंगला. मग तिच्या तोंडाकडे बघत बारीक आवाजात कण्हला.

"का धुतलात हो?"

"घाणेरडा वास येत होता."

"कुणाला?"

चावीवाल्याच्या मनात बरंच काही होतं, पण बाहेर भलतंच पडलं. "मी करतो ना सगळं त्याचं? मग वाट कुणाची बघतो तो? जो नाहीच, त्याची! मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं, सांग ना मला तू!"

बायकोने स्वेटरची घडी घातली. ओल्या कपड्याची कुणी घडी घालत नाही, तरी घातली.

"वीस-बावीस वर्षं भांडताय की."

"मी? मी कधी एक शब्द तरी बोललो?"

"नाही बोललात. तेच तर." ती स्टुलावर बसली. "दार उघडताना माझं तोंड कसं व्हायचं ते मला कळायचं हो. मला वाटायचं, तुमच्या लक्षात येत नाही."

खिशातल्या किल्ल्या चाचपत तो उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कधी थांबलं ते?"

तिने खरंच आठवून पाहिलं. "आठवत नाही. एकदा तुम्हाला फार उशीर झाला होता. मी दारात उभी राहून बोटं मोडत होते. तुमच्या नावाने. बोटं मोडता मोडता लक्षात आलं, की दुसरं कुणी डोळ्यापुढे नाहीच आहे."

"म्हणजे थांबलं."

"अधूनमधून होतं अजून," बायको म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

हे त्याला लागलं. आणि लागूनही, इतक्या वर्षांत प्रथमच, छातीतलं काहीतरी सैल झालं.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. कुत्रा उठला आणि दाराशी जाऊन बसला.

चावीवाल्याने ओला स्वेटर उलगडला आणि अंगात घातला. टॅक्सीवाला अंगाने किरकोळ असणार. खांद्यात घट्ट झाला, पोटावर वर चढला. बायकोला हसू फुटलं, ते तिने पदराने दाबलं. कुत्र्याने जवळ येऊन बाही हुंगली, साबणाच्या वासाने शिंकला आणि परत दाराशी गेला.

चावीवाला त्याच्यामागोमाग गेला. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत-कुंथत खाली बसला.

"साहेब," तो म्हणाला, "सरका जरा."

कुत्र्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि थोडा सरकला.

स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज आला. बायको आली आणि कुत्र्याच्या पलीकडे भिंतीला टेकून बसली.

जिन्यात पावलं वाजली. कुत्र्याचा चांगला कान ताठ झाला. बायकोनेही मान वर केली. पावलं दारापाशी आली, थांबली नाहीत, वरच्या मजल्यावर गेली.

ओला स्वेटर अंगाला चिकटत होता. तू कुणाची वाट बघतेस, हे चावीवाल्याने बायकोला विचारलं नाही. तोही दाराकडे बघत राहिला.