सशाच्या आतड्याची लाट

१९७३ साली कलकत्त्यात मी सशाच्या आतड्यावर पीएच.डी. करत होते आणि ती हातची जायच्या बेतात होती. आतड्याची बोटभर पट्टी कोमट द्रावणात ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले, की तिच्या स्नायूत आपोआप विजेच्या बारीक लाटा उठतात. यंत्राची लेखणी त्या कागदावर काढत जाते. माझं म्हणणं एवढंच होतं, की हा ताल ऑक्सिजन वापरून पेशीला शक्ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या जोरावर चालतो.

माझे मार्गदर्शक घारपुरेसर घरात मराठी, गप्पांना बसले की पक्के बंगाली. त्यांना हे पटेना. मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं विष मी घालायची, लाटा थांबायच्या आणि सर म्हणायचे, "श्यामला, पट्टी मेली तुझी. मेलेली कशाला नाचेल? थांबवून परत चालू करून दाखव. शुक्रवारपर्यंत. नाहीतर विषय बदल."

शुक्रवारी चार वाजता लाटा झकास चालल्या होत्या. मी विषाची बाटली उघडणार तोच चहा आला. आमच्या विभागात चहा म्हणजे अड्डा, बंगाल्यांची गप्पांची मैफल, आणि तो चुकवला तर लोक तब्येतीची चौकशी करायला येत. त्या दिवशी इलिश मासा पद्मा नदीचा चांगला की गंगेचा यावर जुंपली होती. मीही गेले.

वीस मिनिटांनी सर आणि मी परतलो तर कागदावर सपाट रेघ! बुडबुडे नाहीत. सिलिंडरची चावी घट्ट बंद.

"कोणी केला हा शहाणपणा?" मी सरांसमोरच ओरडले. रडूच कोसळलं मला.

सरांनी कपाळावर हात मारला. सिलिंडर मिळायची मारामार, म्हणून शेवटी खोली सोडणाऱ्याने चावी बंद करायची हा त्यांचाच नियम होता. आणि आज शेवटी निघाले होते तेच.

"सवय गं," असं पुटपुटत त्यांनी धावत जाऊन चावी सोडली.

बुडबुडे आले. रेघ सपाटच. एक मिनिट. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला लेखणी जराशी हलली. एक खुजी लाट आली, मग दुसरी, आणि मग पहिल्यासारखी रांगच लागली.

"विष घातलं होतंस?"

"थेंबभरही नाही, सर."

"म्हणजे नुसता ऑक्सिजन तोडला... आणि पेशीत तो वापरतं कोण, तर..." सर मधेच थांबले आणि खो खो हसत सुटले. मीही डोळे पुसत हसले.

मी पेन घेऊन सपाट रेघेच्या सुरुवातीला लिहिलं, 'ऑक्सिजन बंद.' कोणी केला, ते लिहायचा धीर होईना. सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढे ठसठशीत सही ठोकली.