वाढ

धरणगावच्या घरी ओसरीवर बसून नूतननं लॅपटॉपवर औषधाचा डोस पुन्हा दुप्पट करून पाहिला. पेशींच्या वाढीची रेघ शहाण्यासारखी खाली उतरली. आबांचा, तिच्या वडिलांचा, कालचा रक्ताचा रिपोर्ट मात्र वर उसळलेला.

कर्करोगाच्या गोळीनं पेशींची वाढ किती दबते ते समीकरणांत मांडायचं, हेच तिचं जळगावचं संशोधन. आबांना रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हापासून त्यांचे रिपोर्टही ती त्याच समीकरणांत घालायची. डॉक्टर डोस वाढवून दुप्पट करू म्हणाले होते, आणि मागच्या महिन्यात आईचा फोन आला, गोळ्या वाढल्या. दुप्पट डोसालाही पेशी जुमानत नाहीत म्हणजे औषध कामातून गेलं. हे घरात सांगायचं कसं, म्हणून ती सकाळपासून ओसरीवरच बसून होती.

आबा आत कळण्याची भाकरी आणि भरीत खात होते. मळमळ थांबली, तोंडाला चव आली, म्हणून सुंदरबाईंना, तिच्या आईला, कोण आनंद! नूतननं गोळ्या दाखव म्हटल्यावर त्यांनी कोनाड्यातली पाकिटं आणून दिली. सगळी रिकामी होती.

"नव्या कुठं आहेत?"

"नव्या कोठल्या? वाढी ग्यात ना. तुले फोनवर सांगेल व्हतं."

सुंदरबाई 'संपलं' असं कधीच म्हणायच्या नाहीत. त्यांच्या घरात कुंकू वाढायचं, तांदूळ वाढायचे, फुटलेली बांगडीही वाढायची. ज्या गोळीवर त्यांचं कुंकू टिकलं होतं, ती संपली असं त्या मेल्या तरी म्हणाल्या नसत्या. नूतनला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरीही ती फसली.

"मग आणल्या का नाहीत?"

"तूज फोनवर बोलनी ना, 'बरं झालं, आता महिनाभर बघू.' आम्हले वाटनं, तुनं गणितच तसं सांगस."

नूतननं डोसाच्या जागी शून्य टाकलं. रेघ कालच्या रिपोर्टला नेमकी जाऊन टेकली आणि तशीच पडद्याबाहेर निघून गेली. गणित बरोबर होतं. इतकं माजल्यावर त्या पेशी पुन्हा गोळीला दबतात की नाही, ते मात्र तिनं कधी मांडलंच नव्हतं.

आतून आबांची हाक आली. आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता.

"नूतन, आखो थोडं वाढ वं."

ती उठली आणि तिनं भरिताचं पातेलं उचललं.