अर्धी मात्रा

धरणगावकडच्या त्या गावात निंदणीला बाया जमवायच्या त्या तानुबाईनेच. अभिमननानांच्या ज्वारीतली पहिली निंदणी दरवर्षी तिच्या टोळीची. त्या खरिपात मात्र पेरणी उरकली आणि नानांनी तणनाशकाचा पुडा आणला. ओल्या रानात लगेच फवारलं की तण उगवतच नाही, असं त्यांनी शिवारफेरीत ऐकलं होतं.

तानुबाई त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"नाना, बठ्ठं तण मारी टाकशात, ते आम्ही काय करूत?"

नाना मनाने वाईट नव्हते. "अर्धंच टाकसू," ते म्हणाले. "निम्मं मरी जाई, निम्मं तुम्हनं."

तिच्या जिवात जीव आला. फवारणीच्या दिवशी पंपाला पाणी तिनेच वाहिलं. तिच्यासमोर नानांनी पुडा अर्धाच रिकामा केला.

निंदणीचे दिवस आले तशी ती बाया घेऊन शेतावर गेली. ज्वारी गुडघ्याला लागत होती आणि दोन ओळींमधली जमीन अगदी स्वच्छ होती. तानुबाई वाकली, पानं बाजूला सारून पाहिलं, पुढच्या ओळीत गेली, तिथेही पाहिलं. माठ, केना, कुठलंच तण नाही. बांधाच्या कडेला तेवढी हराळी.

नाना मागे येऊन उभे राहिले. "अर्धंच टाकेल व्हतं, तानुबाई. तू पाहेल शे."

"व्हय नाना."

रागवायचं तरी कुणावर? नानांनी बायांना बांध साफ करायला लावला. दुपारच्या आतच ते काम संपलं. टोळीतली भिकुबाई खुरपं कनवटीला खोचत म्हणाली, "आते कोठे?" तानुबाईने दुसऱ्या शेताचं नाव सांगितलं.

त्या वर्षी तिथे काम मिळालं, पण अर्ध्या मात्रेतच सगळं तण मरतं ही बातमी गावभर गेली. पूर्ण मात्रा ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांनाही अर्धी जमणार होती. पुढच्या खरिपात ती घरोघर विचारत फिरली. त्यांतल्या एका शेतकऱ्याने, पंडितभाऊंनी, तिला बसायला सांगितलं, चहा दिला. "अर्धं टाकानं तुन्हंच डोकं ना? बेस काम व्हयनं," ते कौतुकाने म्हणाले. तिने चहा कसाबसा संपवला.

भिकुबाई सुरतेकडे वीटभट्टीवर गेली. बाकीच्या बाया काही दिवस सकाळी तानुबाईच्या दारी येऊन थांबायच्या. ती बाहेर यायची, त्यांच्याजवळ बसायची. ऊन चढलं की एकेक जण उठून घरी जायची. मग त्यांनी येणंच सोडलं. तानुबाई मात्र उजाडताच दार उघडून बसायची.