हालेलुयाचा दम

हुतूतू या शब्दाला अर्थ नाही, आणि अर्थ नसलेला शब्द ख्रिस्ती माणसाने छातीतला श्वास संपेपर्यंत का घोटावा, असा प्रश्न पाद्रीसाहेबांना पडला. त्यांनी ठरवले की मिशनच्या संघाने यापुढे 'हालेलुया' म्हणत चढाई करायची. संघाला शिकवणाऱ्या शालीकरामने नम्रपणे सांगितले की 'ह'मध्येच निम्मा दम निघून जातो. साहेब म्हणाले, देवाच्या स्तुतीने दम वाढतो. साहेब स्वतः कधी हुतूतू खेळले नव्हते.

शालीकरामचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. कार्तिकातल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, सामना फुलचूरशी होता. फुलचूर त्याचे जन्मगाव, आणि त्या संघाचा म्होरक्या त्याचा सख्खा थोरला भाऊ परसराम. शालीकरामने बाप्तिस्मा घेतल्यापासून परसरामने त्याच्याशी बोलणे टाकले होते. वाटेत दिसला तर तो बांधावरून वळसा घेई. पण हुतूतू न शिवता खेळता येत नाही. शालीकरामने आव्हान धाडले ते एवढ्यासाठीच. साहेबांना त्याने सुवार्ताप्रसाराचे कारण सांगितले होते, आणि तेही त्याला अगदीच खोटे वाटत नव्हते.

मंडईत आलेले आव्हान नाकारणे गावाला शोभत नाही, असे गावच्या जमीनदाराचे, मालगुजाराचे, मत पडले, म्हणून सामना झाला. मिशनचा पहिला गडी 'हालेलुया, हालेलुया' करत रेषा ओलांडून गेला, तेव्हा बघ्यांतली अनुसयाबाई ही म्हातारी शेजारणीला म्हणाली, "'हालू या, हालू या' म्हनून राहिला बाप्पा. कोठी जाऊन राहिला?"

सारे मैदान हसले. पण हालले ते फुलचूरचेच गडी. बाटलेल्याला शिवले की तळ्यावर आंघोळ आली, आणि कार्तिकातल्या तळ्याच्या पाण्याची त्यांना चांगली ओळख होती. चढाई आली की ते मागे सरत, आणि सरता सरता आपणहून हद्दीबाहेर जाऊन बाद होत. पाद्रीसाहेबांनी टोपी काढून आभाळाकडे पाहिले. प्रभूच्या नावाने शत्रू पळतो हे ते दर रविवारी सांगत. पाहत मात्र पहिल्यांदाच होते. जिंकणाऱ्या संघाचा शिक्षक तेवढा खाली मान घालून बसला होता.

अखेर फुलचूरचा एकटा परसराम उरला. शेवटच्या गड्याने चढाईला आलेल्याला धरून पाडले तर सामना त्याच्या गावाचा, असा त्या मंडईचा रिवाज होता. शालीकरामने आपल्या गड्याला थांबवले आणि त्याच्या जागी तो स्वतः चढाईला गेला.

परसराम हद्दीपर्यंत मागे सरला. आणखी एक पाऊल, आणि गाव हरणार होते. त्याने एकदा तळ्याकडे पाहिले, मग भावाच्या कमरेला मिठी घालून त्याला मातीत पाडले.

लहानपणी या मिठीतून शालीकराम हमखास निसटत असे.

"आंघोळ त आलीच," परसराम त्याच्या कानाशी म्हणाला, "मंग ढिलं कायले धरू? हाल आता."

शालीकराम हालला नाही. तो संथपणे 'हालेलुया' म्हणत राहिला, आणि शेवटचा अर्धा शब्द परसरामच्या खांद्यातच विरला.

परसराम उठून तळ्याकडे चालू लागला. पाद्रीसाहेबांनी जवळ येऊन हळहळत विचारले, प्रार्थना कमी पडली का. शालीकराम म्हणाला, नाही, पुरली. साहेबांना ते पटले नाही. परतताना बैलगाडीत बराच वेळ विचार करून त्यांनी कबूल केले की 'ह'मध्ये दम जातो खरा, आणि पुढच्या सामन्यापासून हुतूतू म्हणायची परवानगी दिली.