भट्टीचा नमुना

"धूर लाकडाचाच आहे," म्हणत प्रयोगशाळेतल्या मॅडमनी हवेच्या नोंदींचा आलेख काकांपुढे सरकवला. "रोज पहाटे चार ते सात. वाऱ्यावरून बघितलं तर शाळेपासून दोनशे मीटरच्या आत. मी दोन दिवस हिंडले, काका, पण काही सापडेना."

एकतीस वर्षं काका त्या शाळेच्या गच्चीवरच्या, हवा तपासायच्या यंत्रातले फिल्टर बदलत होते. पांढराशुभ्र लावायचा, दुसऱ्या दिवशी काळवंडलेला काढायचा, प्रयोगशाळेत आणून तोलायचा. हा धूर तर त्यांनी फिल्टर न बघताही ओळखला असता. लहानपणी वडील रोज आपल्या बेकरीतून हाच वास अंगावर घेऊन घरी यायचे. आधी अंघोळ करा, मग पोरांना जवळ घ्या, असं आई बजावायची. पोरं कसली थांबतात? सदऱ्यात नाक खुपसून आज पाव की बिस्किटं, ते ओळखायची.

ती बेकरी आता धाकटा भाऊ चालवायचा. चिमणी मागच्या बोळात, गोदामाच्या भिंतीआड होती. अहवाल गेला की लाकडाची भट्टी विझणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. 'सापडलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. पण गच्चीवर जाताना शाळेचं ऑफिस लागायचं, आणि तिथल्या टेबलावर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले इनहेलर असायचे. यंदा ते एका डब्यात मावत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका पंप आणि नळी घेऊन बोळात शिरले.

"दादा, आपल्याच चिमणीला नळी लावणार?" भाऊ म्हणाला. "बाबांनी रचलीय ती भट्टी."

"विटा मीच वाहिल्यात."

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचंस."

"दुसऱ्याला हा बोळ सापडला नसता."

भाऊ आत गेला आणि शिडी घेऊन आला. ती डुगडुगते म्हणाला, आणि काका उतरेपर्यंत खाली धरून उभा राहिला.

दुपारी काकांनी तो फिल्टर चिमट्याने उचलून तराजूत ठेवला. तांदळाच्या दाण्याइतकंही त्या धुराचं वजन नव्हतं. तरी आकडा ठरेना, सारखा वरखाली होत राहिला.

"काका, तुमचा श्वास लागतोय तराजूला," मॅडम हळूच म्हणाल्या.

नव्या माणसांना हे पहिल्या दिवशी काकाच शिकवायचे. ते जरासे मागे सरले, श्वास रोखून धरला. आकडा थांबला. त्यांनी तो वहीत लिहिला.